यूसॉंगच्या वॉनजांगनिमना, एका निळ्या वर्तुळाबद्दल

आदरणीय वॉनजांगनिम,

माझ्या डाव्या दंडावर तुम्ही बॉलपेनने काढलेलं निळं वर्तुळ दोन आंघोळी झाल्या तरी निघालं नव्हतं. लॅबमधल्या मुलीने विचारलं, हे काय? म्हटलं, गृहपाठ.

तुम्ही देजॉनच्या यूसॉंग भागातल्या पारंपरिक कोरियन दवाखान्याच्या प्रमुख वैद्य, वॉनजांगनिम म्हणजे तेच. तुम्हाला मराठी वाचता येत नाही. पण माझ्या कोरियनमध्ये हे पत्र लिहिलं तर ते रजेच्या अर्जासारखं दिसेल. म्हणून मराठीतच लिहिते आणि गुरुवारी आले की तोंडी सांगते. शिवाय देजॉन, सुवॉन, सोलमध्ये आपली मंडळी आता बरीच आहेत. अंगाला खाज सुटली की बॅगेच्या तळाशी गावाहून आणलेली ट्यूब शोधणारी. त्यांच्याही नजरेला हे पडावं.

पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही विचारलंत, काय होतंय? मी पाठ करून आलेला शब्द म्हटला, 'दुदुरॉगी', म्हणजे अंगावर खाजऱ्या लाल गांधी उठणं. तुम्ही पुढचं विचारलं नाहीत, फक्त म्हणालात, "दाखव." आणि माझी पंचाईत झाली. आदल्या रात्री दंड, मांड्या, पोट गांधींनी भरलं होतं, आणि आता सकाळी अंग कोरं. दाखवायला होता फक्त कमरेवरचा तो जुना चट्टा.

आमच्या देवगडच्या घरी अंगावर लाल काहीही उठलं की ते 'पित्त'. आई आमसूल कोळून लावते, आजी असती तर गेरू लावला असता. आमच्या भाषेत शब्दांना तोटा नाही. घामोळं, इसब, गजकर्ण, खरूज, नागीण, सगळं वेगवेगळं आहे. मी मात्र दीड वर्ष एकाच शब्दावर भागवलं होतं. रात्रीच्या गांधी पित्त, कमरेचा चट्टा पित्त, कोपराच्या खोबणीत फुटलेली कातडी तीही पित्तच. आई व्हिडिओवर बघून म्हणायची, "वांगी खाल्लीस? कोळंबी खाल्लीस?" मी वांगी सोडली, कोळंबी सोडली, शेवटी किमचीसुद्धा सोडली. देजॉनमध्ये राहून किमची सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही चट्ट्याकडे चष्मा कपाळावर सरकवून बघितलंत. कडा बोटाने चाचपलीत. मग हळू, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून म्हणालात, "रात्रीचा आहे तो पाहुणा. येतो, जातो. हा इथला जॉन्सेवर राहतोय." जॉन्सेवरचा म्हणजे एकरकमी मोठी अनामत भरून दोन-दोन वर्षं ठाण मांडणारा भाडेकरू! मी हसले, तुम्ही हसला नाहीत.

मग तो गृहपाठ. गांधी उठली की तिच्याभोवती पेनने रेघ मारायची, वेळ लिहायची, चोवीस तासांनी बघायचं. रेघ आहे पण आत काही नाही, असं झालं तर ते खरं पित्त, म्हणजे अर्टिकेरिया. गांध जागेवरच राहिली, दुखली किंवा जाताना निळसर डाग ठेवून गेली, तर ती वेगळी भानगड, तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. आणि ओठ, जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला तर तुम्हाला फोन न करता थेट 119, इथला रुग्णवाहिकेचा नंबर, लावायचा, हे तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. तो कागद अजून फ्रिजवर आहे. वर्तुळ पहिल्यांदा तुम्हीच काढून दाखवलंत, खोलीत बसल्या बसल्या माझ्या दंडावर एक गांध वर आली म्हणून. दुसऱ्या दिवशी निळी रेघ तशीच, आत स्वच्छ कातडी.

आता खरे आभार ज्याचे मानायचे त्याकडे येते. कमरेच्या चट्ट्याबद्दल तुम्ही म्हणालात, "हे माझं काम नाही. पिबुग्वामध्ये जा." त्वचारोगतज्ज्ञाकडे. सुया टोचून, काढा देऊन मला तीन महिने फिरवणं तुम्हाला सहज जमलं असतं, मी आले असते. तुम्ही चिठ्ठी लिहिलीत आणि त्या दिवशी नुसत्या तपासणीचे पैसे घेतलेत.

पिबुग्वामध्ये चट्ट्याची खपली खरवडून काचेवर घेतली, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बुरशीचे धागे. म्हणजे साधं सरळ गजकर्ण, आजीनेही ओळखलं असतं. मग वर्षभर कोणाला का कळलं नाही? कारण ती ट्यूब. गावाकडच्या एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली. लावली की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते. स्टिरॉइडने शरीराची कुरकुर बंद होते, आणि बुरशी आत निवांत पसरते. गजकर्णाची ती ओळखू येणारी गोल, उठावदार कडाच पुसट होऊन जाते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते, मग आपण परत ट्यूब काढतो. भारतात हे घराघरात चालू आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला बऱ्याचदा दाद न देणारी बुरशीची एक जात तिकडे इतकी पसरली की 2020 मध्ये तिला आपल्या देशाचंच नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. असला मान कोणाला हवाय! पिबुग्वाच्या डॉक्टरांनी मी भारतातली आहे हे ऐकून सुरुवातच इट्राकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाने केली.

त्या गोळ्यांचा डबा घेऊन मी तुमच्याकडे आले, म्हटलं, आता काढा सुरू करू. तुम्ही नाही म्हणालात. दोन्ही यकृतावरूनच जाणार, गोळ्या संपू देत. तोवर फक्त सुया. आणि माझ्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मागवून त्यातल्या यकृताच्या आकड्यांवर लाल पेनने खूण केलीत. त्वचेच्या विकारांवर वापरली जाणारी एक साल, बेकसॉनपी, हिने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, ती मी वापरत नाही, हेही आपणहून सांगितलंत. 'वनस्पतीचं आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ऐकत वाढलेल्या मला हे नवीन होतं.

गोळ्यांच्या त्या सहा आठवड्यांत मी आठवड्यातून दोनदा यायचे. कोपर दुमडल्यावर घडी जिथे संपते तिथे एक सुई, त्या बिंदूचं नाव गोकजी, आणि गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला दुसरी, ह्यॉलहे. पंधरा मिनिटं तांबड्या दिव्याखाली पडायचं. पडद्यापलीकडे आजीबाई गुडघ्यात सुया घेऊन सुनेबद्दल बोलायच्या, आणि माझं कोरियन अभ्यासक्रमात नव्हतं तिथे सुधारायचं. सुया 1987 पासून राष्ट्रीय विम्यात असल्याने काही हजार वॉनमध्ये काम व्हायचं. काढ्याचं तसं नाही. 2020 च्या नोव्हेंबरपासून प्रायोगिक योजनेत मोजक्या आजारांच्या काढ्यांना विमा मिळाला, त्यात अंगावरच्या गांधी नाहीत. पंधरा दिवसांच्या खोक्याला काही लाख वॉन लागतात, हेही तुम्ही आधीच सांगितलंत, आणि "विचार करून ये" म्हणालात.

काढ्याआधी तासभर प्रश्न. तहान किती, घाम कुठे, हातपाय गार पडतात का, पोट साफ होतं का, झोप कशी. जीभ बघितलीत, तीन बोटांनी दोन्ही मनगटांची नाडी, पोट दाबून बघितलंत. मग म्हणालात, पुंगयॉल. पुंग म्हणजे वारा, यॉल म्हणजे उष्णता. एका जागी न टिकता भटकतं ते वाऱ्याचं, लाल आणि गरम ते उष्णतेचं. मी म्हटलं, आमच्याकडे वात आणि पित्त म्हणतात, माधवनिदानात 'शीतपित्त' असं प्रकरणच आहे. तुम्ही भिंतीवरच्या, जुन्या कोरियन वैद्य हॉ जुनच्या 'दोंगुईबोगाम' या वैद्यकग्रंथाकडे बोट केलंत, 1613 साली छापलेल्या पंचवीस खंडांकडे, आणि म्हणालात, सारखं वाटतं म्हणून एकच समजू नकोस. तुमच्या पाटीवर कोरियन वैद्यकाच्या नावातलं जे 'हान' आहे, त्याचंही तसंच आहे म्हणे. 1986 पर्यंत तिथे चीनचा 'हान' लिहायचे, मग कोरियाचा आला. उच्चार तोच, अक्षर निराळं.

पण सगळ्यात कामाचा प्रश्न नाडीत नव्हता. माझ्या वहीतल्या तारखा बघून तुम्ही विचारलंत, दर महिन्याला हे दोन दिवस एवढ्या गांधी का? मी लाजत सांगितलं, पाळीचे दिवस. "दुखतं? काय घेतेस?" मेफेनॅमिक ॲसिडची गोळी, कॉलेजपासून. तुम्ही पेन खाली ठेवलंत. या जातीच्या वेदनाशामकांनी काहींचं पित्त भडकतं. गोळी कोणी खाण्यात धरत नाही, त्यामुळे दोष कोळंबीला जातो. पिबुग्वाला विचारून पॅरासिटामॉलवर आले, पोटावर तुमचा मॉक्साचा, म्हणजे जाळलेल्या वनस्पतीचा, शेक. पुढच्या महिन्यात वहीतले ते दोन दिवस जवळजवळ रिकामे गेले. त्या रात्री मी कोळंबीची आमटी केली.

काढा होता सोपुंगसान, त्यात तुमचे फेरफार. पारदर्शक पाकिटं, शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचं पाणी. गरम पाण्यात पाकीट बुडवून कोमट करायचं, कोपरा कापायचा, नाक धरायचं. घटकांची यादी मी शब्दकोश घेऊन वाचत बसले. ज्येष्ठमध ओळखीचं, तीळ ओळखीचे. सॉनत्वे? सिकाडाची कात. उन्हाळ्यात झाडांवर बसून किरकिर करत जे कीटक डोकं उठवतात त्या मेमींची टाकलेली कात! मी मासे खाणाऱ्या घरातली, तरी घशाशी आलं. तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, नको असेल तर काढून देते, आधी सांगायला हवं होतं, चूक माझी. मी म्हटलं, राहू दे. हे ऐकून आईने एवढंच विचारलं, "संकष्टीला घेतलंस काय गो?"

ज्येष्ठमध आहे म्हणून दर भेटीत रक्तदाब बघितलात. पिबुग्वाने पित्तासाठी दिलेली सेटिरिझिनची गोळी मला बंद करायची होती, तुम्ही होऊ दिली नाहीत. "ती तुझी छत्री आहे, पाऊस थांबला का ते आधी बघ." म्हणून कोणी विचारलं की तुला नेमकं कशाने बरं वाटलं, तर मला ठाम सांगता येत नाही. गोळी बदलली, झोप सुधारली, सेटिरिझिन चालू होतं, काढा होता, सुया होत्या. आणि असं पित्त अनेकांचं काही महिन्यांनी आपलं आपणच मावळतं, हेही तुम्हीच सांगितलंत. औषधाचं श्रेय स्वतः कमी करून सांगणारा वैद्य मी तोवर पाहिला नव्हता.

कोपराचं राहिलं. ते इसब, आणि ते ओढवून घेतलेलं. इथे आल्यावर हिरव्या, खरखरीत 'इटली टॉवेल'ने अंग घासायची मला चटक लागली होती, मळाच्या वळ्या निघाल्या की धन्य वाटायचं. त्यात हिवाळ्यात ओंदोल, म्हणजे खालून गरम होणारी जमीन, तापवून तिच्यावर झोपायचं, म्हणजे पापड भाजल्यासारखी कातडी. तुम्ही टॉवेल बंद केलात, जमीन थोडी गार ठेवायला लावलीत आणि जाऊन्गो मलमाची डबी दिलीत. तिळाचं तेल, मेण, आणि ज्या मुळाने ते जांभळं होतं ते. वास आमच्या घरच्या दिव्याचा. माझे दोन पांढरे शर्ट आता कोपरापाशी कायमचे जांभळे आहेत, त्याची मात्र आधी कल्पना द्यायला हवी होती.

सध्याची खबर अशी. कंबर साफ आहे. फक्त फिकट डाग राहिलाय. कोपर थंडीत कुरकुरतं. पाहुणा महिन्यातून एखाद्या रात्री येतो, बहुतेक यूसॉंगच्या रस्त्यावरच्या त्या फुकटच्या गरम पाण्यात मी मैत्रिणींबरोबर पाय सोडून फार वेळ बसले की. गप्पा रंगतात, त्याला काय करणार. त्या ट्यूबचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, तर तीन चुलतभावंडांनी लिहिलं, आमच्याकडे पण हीच आहे. त्यातला एक त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन आला, दोघांची टाळाटाळ चालू आहे.

आईने तुमच्यासाठी आमसुलं पाठवली आहेत. लावायला नव्हे, सार करायला. तुमच्या ओमिजा या आंबट फळांच्या जवळपास आंबट, पण खारट. पाकीट फ्रिजमध्ये आहे, गुरुवारी साडेसहाला येताना वहीबरोबर घेऊन येते.

तुमची,
डाव्या दंडावर वर्तुळ असलेली पेशंट