चपलांचा तिसरा जोड

प्रिय दिग्या,

तुझे दोन फोन आले, मी मुद्दाम उचलले नाहीत. शिव्या नंतर दे, आधी ऐक. तब्येत बरी आहे, शुगरची गोळी चालू, हिचे गुडघे आहेत तसेच.

पंधरा दिवसांपूर्वी ओंकारच्या रेक्टरांनी मला पुण्याला बोलावून घेतलं. पोरानं हॉस्टेलच्या रूमवर पॅरासाइट, म्हणजे चोरून राहणारा, ठेवलेला, तीन महिने! शाळेतला मित्र, एमपीएससी करतोय, कॉट बेसिसचं भाडं परवडेना. लातूरहून एसटीत रात्रभर एकटाच हसत होतो. म्हटलं, खानदानी रोग.

ऑफिसात मात्र हसू पळालं. रेक्टर म्हणजे कालचं पोरगं, मला काका म्हणाला. "काका, यानं निदान खोटं तरी बोलायचं. सरळ म्हणतो, माझा मित्र आहे, मीच ठेवलाय." झालं, सीट गेली.

मी पाणी मागितलं.

९ मार्च १९९६, वर्ल्ड कपची पाकिस्तानशी मॅच. अजय जडेजाचे २५ बॉलांत ४५ तू अजून तोंडपाठ सांगतोस, पण त्यापुढची रात्र तू कधी काढली नाहीस. प्रसादनं सोहेलचा दांडा उडवला, टीव्ही रूममध्ये सगळे नाचतायत आणि फटकन लाइट लागला. दारात आपले रेक्टर, "हा कोणाचा?" आपला रूममेट नान्या छताकडे बघत होता. मी म्हणालो, "ओळखत नाही सर. मॅच बघायला आला असेल कोणी बाहेरचा." आठ महिने आपण दोन कॉट जोडून तिघं झोपलो. मधली फट तुझी. दाराबाहेर चपलांचा तिसरा जोड दिसू नये म्हणून तुझ्या कोल्हापुरी माझ्या गादीखाली असायच्या. त्या रात्रीही तिथंच होत्या. तात्या वॉचमन तुला थेट गेटबाहेर घेऊन गेला आणि तू अनवाणी शिवाजीनगर स्टँडवर. दोन दिवसांनी मी चपला घेऊन आलो, तर तू एवढंच म्हणालास, "अंगठा तुटलाय रे."

आणि भांडलास कशावरून? तर मी तुझं फीस्टचं कूपन नान्याला विकलं म्हणून! अजून भांडतोस. श्रीखंड आंबट होतं, शंभरदा सांगितलंय.

पण खरं दुखणं पुढं आहे. ऑफिसातून बाहेर पडल्या पडल्या मी ओंकारवर ओरडलो, "कशाला बोललास? ओळखत नाही म्हणायचं!" अगदी तोंडातून गेलं बघ. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पप्पा, दिगूकाका तुमच्या रूमवर होते ना? तुमच्याकडं झडती आली तेव्हा काय सांगितलंत?"

घरी मी नेहमी गणपती दूध प्यायला त्या दिवसापर्यंतच सांगतो. रेक्टर वाटी-चमचा घेऊन देवळाच्या रांगेत, झडती रद्द, सगळे हसतात, गोष्ट संपली. त्यालाही तेच म्हणालो, "आमच्याकडं झडती आलीच नाही कधी."

त्याला पटलेलं नाही. हिला यातलं काही माहीत नाही, कधीच नव्हतं.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल लागला असेल, पेढे ठेव, शुगर गेली खड्ड्यात.

हां, त्या मित्राच्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात नांदेडलाच आहे. दोघं दोन दिवस आधी येतायत, उतरायला तुझ्याकडं. ओंकार विचारल्याशिवाय राहणार नाही. काय सांगायचं ते तू ठरव, मी फोन करून काही पढवणार नाही.

दोन गाद्या आहेत ना रे घरात?

तुझा,
पक्या