बाळंतिणीच्या शरीराचीही विचारपूस व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळ घरी आले की सगळ्यांचे लक्ष त्याच्या वजनाकडे आणि झोपेकडे लागते; मात्र त्याच्या आईला बसताना टाके ओढतात, लघवी करताना जळजळ होते आणि स्तनपानाच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावून ओटीपोटात कळा येतात, हे ती बहुधा कोणालाच सांगत नाही. मला हे मौन फार खुपते, कारण यातील बराचसा त्रास घरीच हलका होऊ शकतो. टाक्यांच्या जागी पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे धरल्यास सूज उतरते. पुढे टबातल्या कोमट पाण्यात बसल्याने आराम मिळतो, आणि लघवी करताना त्या जागी कोमट पाण्याची धार सोडली की आग कमी होते.

रक्तस्राव ४ ते ६ आठवडे टिकू शकतो आणि हळूहळू फिकट होत जातो. परंतु तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, स्रावाला दुर्गंधी, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा एका पोटरीला सूज यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांवर विसंबून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्या ६ आठवड्यांत आई व बाळाच्या किमान ३ अतिरिक्त तपासण्यांची शिफारस केली आहे. त्यांत आईचीही तपासणी अपेक्षित आहे, हे आपल्या आरोग्यविषयक पुरवणीतून ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक