रात्रीचा माणूस

ती. आई-बाबांस सा. न.

बाबांसाठी रात्रीचा माणूस ठेवू म्हटल्यावर फोनवर दोघेही गप्प झालात, म्हणून लिहितेय. रात्री त्यांची काळजी घ्यायला मी एकाला ठरवलाय, सोमवारपासून येईल. महिन्याचे पैसे दिलेत, तेव्हा आता नाही म्हणू नका. आई, तुझं काही कमी पडतं म्हणून नव्हे गं. बाबांच्या गुडघ्याखाली कापलेल्या पायाचं क्रेप बँडेज दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायचं, रात्रीसुद्धा. शिवाय अर्धवट झोपेत पाय आहे असंच वाटतं. बाबा उठून उभे राहायला जातील आणि पडतील. त्यात प्रीगॅबलिनची, म्हणजे नसांच्या दुखण्यावरच्या गोळीची गुंगी. बाबांना सावरणं तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. रात्रीचा माणूस स्वयंपाकघरात शिरणार नाही, पहाटेचा रेडिओही लावत जा खुशाल.

बाबा, नसलेल्या अंगठ्यात कळ येते हे सांगायला लाजता कशाला? मेंदूतला पायाचा नकाशा पुसला जात नाही, कापलेल्या नसांची टोकंही संदेश धाडत राहतात. दुखणं खरंच आहे. मद्रासला डॉक्टरकी शिकलेल्या रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यावर आरशाचा उपाय काढला. दोन्ही पायांमध्ये आरसा उभा धरायचा, चांगला पाय पुढे, स्टंप (कापलेल्या पायाचा उरलेला भाग) आरशामागे. आरशात बघत घोटा सावकाश वर-खाली करा आणि मनाने दुसराही हलवा. रोज १५ मिनिटं, निदान चार आठवडे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. गरगरलं किंवा कळ वाढली तर थांबा.

बँडेज इंग्रजी आठच्या आकारात, टोकाशी घट्ट, वर सैल. नुसते गोल वेढे दिले तर खाली सूज अडकते आणि ठणका वाढतो. गुडघ्याखाली उशी अजिबात नको! बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, नीट बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा २० मिनिटं पालथं झोपा.

माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे तेव्हा किती वेळ चोळत बसायचात तुम्ही! जखम पूर्ण भरली की आईकडून स्टंपही तसाच चोळून घ्या. आधी कापूस फिरवायचा, सवय झाली की खरखरीत टॉवेल.

प्रीगॅबलिन मनाने बंद करायचं नाही. दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणायची नाही, साखरेने मूत्रपिंडं आधीच थकलीत. लाली, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी सर्जनकडे.

आई, सोमवारी दार तू उघड. बाबांना उठू देऊ नकोस.

तुमची,
छकुली