तुम्ही ‘नको’ म्हणालात, त्याबद्दल

प्रिय शेजारीबुवा,

समोरासमोर मी तुम्हांला सरळ नावाने हाक मारतो, इकडची, अमेरिकेतली, रीतच तशी. पण मराठीत लिहायला बसलो की पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला ‘तू’ म्हणायला हात धजत नाही. तुम्हांला हे वाचता येणार नाही, शनिवारी माझी लेक इंग्रजी करून ऐकवेल. मराठीत लिहितोय, कारण मी एल्क (इकडचं सांबरासारखं मोठं हरीण) मारला हे कळल्यापासून गेले पंधरा दिवस सावंतवाडीहून आणि पुण्याहून सगळ्यांचा एकच प्रश्न चाललाय: “शिकार? तू? आणि तुला शिकवली कोणी?”

कोणी शिकवली, ते सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

आमच्या आजोबांच्या पडवीत ठासणीची बंदूक टांगलेली असे. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. काम एवढंच, की भातात डुकरं शिरली की बार काढून हाकलायची. बाकी शिकार आम्ही फक्त गोष्टींत ऐकली, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून ती बंद होत गेली. तुम्ही कपाटातून मार्लिन कंपनीची रायफल काढलीत आणि म्हणालात, हे १८९५ मॉडेल कंपनीने १९७२ साली नव्याने बाजारात आणलं, तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे दार लागायला लागलं त्याच वर्षी तुमच्याकडे ते उघडलं होतं!

काडतूस पाहून मात्र हसू थांबलं. चांगलं जाडजूड. नाव ४५-७०, म्हणजे ०.४५ इंचाची गोळी आणि मुळात ७० ग्रेन (हे वजनाचं माप) बंदुकीची काळी दारू. अमेरिकी सैन्याने ते घेतलं १८७३ साली. तुम्ही वापरता ती गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅम शिसं. टोक चपटं का, तर नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकली आणि धक्का बसला, तर हातातच स्फोट. हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा मी वैतागलो, चौथ्यांदा मीच तुम्हांला म्हणून दाखवलं.

आणि ती लबाडी! मला न सांगता भरलेल्या काडतुसांत एक बनावट घातलंत. मी चाप ओढला, बार झालाच नाही, पण नळी चांगली वीतभर खाली दचकली. धक्क्याला मी किती घाबरतो ते मला स्वतःला तेव्हा कळलं. त्यानंतरचे दोन महिने तुम्ही दर रविवारी माझ्यासाठी खर्च केलेत.

पहिल्या वर्षी कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत गेलो. चार दिवस रिकामे. पाचव्या दिवशी सकाळी कुरणाच्या पलीकडच्या कडेला एल्कचा नर उभा राहिला, आडवा, स्वच्छ उजेडात. अंतर २२० यार्ड. मी बंदुकीचा घोडा मागे ओढून तयार ठेवला. तुम्ही पुटपुटलात, “नको.” बस, एवढंच. तो सावकाश चरत चरत अ‍ॅस्पेनच्या झाडीत निघून गेला.

खरं सांगतो, त्या रात्री मी तुमच्याशी बोललो नाही. रजा घालवली, परवान्याचे पैसे भरले, आणि हा म्हातारा मध्ये पडतो. तुम्हीही काही समजावलं नाहीत, बीन्स गरम करून पुढ्यात ठेवल्यात. घरी परतल्यावर रेंजवर नेलंत, २२० यार्डांवर पाटी उभी केलीत आणि म्हणालात, मार. नेम पाटीच्या मधोमध होता, गोळी पाटीखालच्या मातीत गेली. १०० यार्डांवर लावलेली ही रायफल २०० वर सुमारे दोन फूट खाली पडते. एल्कवर तसाच नेम धरला असता, तर गोळी रिकामी गेली असती किंवा पाय मोडून जनावर रानात तडफडत फिरलं असतं.

या वर्षी कुरणाकडे आपण फिरकलोच नाही. स्प्रूसच्या दाट अंधाऱ्या रानात शिरलो, कारण ही रायफल तिथलीच. सकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. आपला वास कुठे जातोय हे तुम्ही दर शंभर पावलांवर पावडर उडवून बघत होतात. मग तुमचा हात वर झाला. फांद्यांच्या फटीतून आधी पिवळट बूड दिसलं, मग शिंगं. मी फाटे मोजले. डाव्या शिंगाला चार, म्हणजे नियमात बसतो. साठ पावलं असतील. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, त्याच्या खांद्यामागे टेकवली. धक्का बसला की नाही, खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की लिव्हर खालीवर करून दुसरं काडतूस चढलं होतं आणि ते माझ्याच हातांनी केलं होतं.

मी धावणार तोच पुन्हा तुमचं ते एका शब्दाचं भाषण: “थांब.” अर्धा तास! थर्मासमधली कॉफी माझ्या हातात हिंदकळत होती. तो सत्तर पावलांवर पडलेला सापडला. तुम्ही टोपी काढलीत. मीही काढली, केशरी, नियमातली.

पुढचं सगळं कष्टाचं काम. मांड्या, खांदे, पाठीचे पट्टे सुटे करून पिशव्यांत भरेपर्यंत दुपार टळली. वाहून आणायला दोन दिवसांत सहा खेपा. एल्कला वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. ते काढून तुम्ही एक माझ्या तळहातावर ठेवलात. लेकीने तो देवघरात नेऊन ठेवलाय. हे आईला फोनवर अजून सांगितलेलं नाही.

रायफल तेल लावून पुसून ठेवली आहे, ती घेऊन येतोच. पण तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या. मालवणी मसाल्यातलं मटण गेल्या वेळी तुमच्या डोळ्यांतून पाणी काढून गेलं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलंत, म्हणून यंदा तिखट कमी करणार नाही. वडे गरमच खायचे असतात, तेव्हा साडेबाराच्या आत पोहोचा.

तुमचा,
कुंपणापलीकडचा शेजारी