फ्रेंच क्लॅरिनेटचा कार्यक्रम बसवताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाच देशाच्या संगीतकारांवर क्लॅरिनेटचा कार्यक्रम बसवायचा ठरला की नजर आधी फ्रान्सकडे जाते आणि ते योग्यच आहे. आज शिकणाऱ्यांच्या हातात बहुधा जे बोम पद्धतीच्या चाव्यांचे क्लॅरिनेट असते, ते पॅरिसमध्येच घडले. ह्यासिंथ क्लोझे हे शिक्षक आणि बुफे हे कारागीर यांनी ते १८३९ मध्ये लोकांसमोर ठेवले. अडचण येते ती निवडीत. मोठी नावे पाहून पाच रचना उचलल्या जातात आणि तासाभराने श्रोत्याला वाटते, आपण एकच गोष्ट पाचदा ऐकली.

याचे मूळ त्या रचना कशासाठी लिहिल्या गेल्या यात आहे. पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयात वार्षिक स्पर्धा-परीक्षा होई आणि तिच्यासाठी मुद्दाम नव्या रचना लिहून घेतल्या जात. विडोर यांची १८९८ची, मेसाजे यांची १८९९ची, राबो यांची १९०१ची, या सगळ्या त्याच कामाच्या. थोड्या मिनिटांत परीक्षकांना सगळे जोखायचे असे: संथ भागात सूर किती भरीव, कॅडेन्झात, म्हणजे साथीशिवाय मोकळ्या लयीत वाजवायच्या तुकड्यात, वादकाची समज किती, द्रुत भागात बोटे आणि जीभ किती साफ. क्रम थोडा इकडेतिकडे, पण मसाला तोच. एकेकटी ऐकली तर यातली प्रत्येक रचना देखणी आहे. ओळीने तीन वाजवल्या की तिन्ही फिक्या पडतात.

म्हणून परीक्षेची रचना एकच ठेवावी, आणि ती दब्यूसी यांची ‘पहिली ऱ्हाप्सडी’ असावी. तीही १९१०च्या परीक्षेसाठीच लिहिलेली आहे, पण कसोटी संगीतात इतकी विरघळली आहे की कानाला जाणवत नाही. मात्र तिने सुरुवात करू नये. ती अगदी हळू आवाजात, स्वप्नात असल्यासारखी उघडते. वाद्य थंड आणि पत्ती (फुंकल्यावर कंप पावणारी रीड) कोरडी असेल तर पहिल्याच सुराआधी नुसती हवा ऐकू येते. शिवाय तिचा पियानो सोपा नाही. वादक तयार पण पियानोचा साथीदार कार्यक्रमाच्या दोनच दिवस आधी ठरलेला, असे असेल तर ती सरळ वगळावी.

आमच्या मते क्रम असा असावा. आधी पिएर्ने यांची ‘कान्झोनेटा’, चारेक मिनिटांची. तिच्यात वाद्य तापते आणि कानही बसतो. मग सां-साँस यांचा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), सुमारे १६ मिनिटे. त्यानंतर दब्यूसी, आठ मिनिटे. मध्यंतरानंतर मेसियां यांची एकल रचना, पुन्हा आठेक मिनिटे, आणि शेवटी पूलेंक यांचा सोनाटा, १३-१४ मिनिटे. सगळे मिळून पन्नास मिनिटे, आणि सगळे बी फ्लॅट क्लॅरिनेटवर, म्हणजे नेहमीच्या वाद्यावर.

वाद्याचा हा मुद्दा बारीक वाटतो, पण कार्यक्रम बिघडतो तो इथेच. होनेगर यांचा सोनाटिना सुरेख आहे, पण तो ए क्लॅरिनेटसाठी, म्हणजे अर्ध्या स्वराने खालच्या, थोड्या लांब वाद्यासाठी आहे. (होनेगर जन्मले फ्रान्समध्ये, आईवडील स्विस, त्यांना कोणत्या देशात धरायचे हे आधी ठरवावे.) बी फ्लॅटवर तो वाजवायचा तर प्रत्येक सूर अर्ध्या स्वराने खाली वाचावा लागतो, आणि ए क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर बी फ्लॅटवर मुळातच नाही.

सां-साँस यांचा सोनाटा १९२१चा, त्यांच्या शेवटच्या वर्षातला. त्याच्या तिसऱ्या, संथ भागासाठी पत्ती निवडावी. तिथे एक चाल मंद्रात पूर्ण ताकदीने येते आणि पुढे तीच तारसप्तकात अगदी हळू. पत्ती मऊ असेल तर वरचा सूर उतरतो, कडक असेल तर दमसास खालच्या सुरांतच संपतो. दोन्ही टोके ज्या पत्तीवर निघतात ती बाजूला काढून ठेवावी, तालमीत झिजवू नये.

वातानुकूलित सभागृहात वाद्य थंड पडून सूर उतरतो, दिवे तापले की चढतो. चढलेला सूर खाली आणायला बॅरल (तोंडाजवळच्या भागाखालचा आखूड नळीचा तुकडा) एक मिलिमीटर बाहेर ओढावा. दोनच्या पुढे गेलात तर मधले जी, ए, बी फ्लॅट हे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात. या सुरांना वाजणारी नळी मुळातच आखूड असते, त्यामुळे तोच मिलिमीटर त्यांना जास्त जाणवतो. उरलेले अंतर मधल्या सांध्यात काढावे. मध्यंतरानंतर रंगमंचावर येण्याआधी दोन मिनिटे वाद्यात आवाज न काढता नुसती ऊबदार फुंक सोडावी.

मेसियां यांच्याबद्दल थोडे अधिक. १९४१ मध्ये ग्यॉर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत त्यांचे चार वाद्यांचे चतुष्टय प्रथम वाजले. त्याचा तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे, तीच वरची एकल रचना. गती इतकी संथ, की मिनिटाला सुमारे ४४ अर्ध्या मात्रा. एकच सूर शून्यातून उगवून कानठळ्या बसवण्यापर्यंत वाढवायचा असतो. तो मोठ्याने सुरू झाला की पुढे जायला जागाच उरत नाही. याच चतुष्टयाच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या देशी तालांवर उभी आहे. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० देशी तालांच्या यादीतून मेसियां यांनी ते घेतले, आणि शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला. मराठी श्रोत्यांपुढे हे निवेदनात सांगायलाच हवे.

छापील स्वरलिपीच्या प्रतींबद्दल: आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. पूलेंक १९६३ मध्ये गेले, म्हणून २०२४ पासून त्यांची मूळ रचना इथे मुक्त आहे. तरी त्या सोनाट्याच्या जुन्या छपाईत चुका आहेत, सुधारित आवृत्तीच विकत घ्यावी. मेसियां १९९२ मध्ये गेले. त्यांच्या प्रतीची झेरॉक्स काढू नये.

आपल्याकडे एक विनंती. अशा कार्यक्रमाची सूचना छापताना ‘फ्रेंच संगीताची संध्याकाळ’ एवढेच न देता संगीतकार, रचना आणि तिचे साल छापावे. चार ओळी जास्त लागतील, पण काय ऐकायचे आहे हे वाचकाला घरून निघतानाच कळेल.

— क्लॅरिनेटचे काही शिक्षक, मुंबई