येन ओळखायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गावाच्या जैवविविधता नोंदवहीतलं येनाचं, म्हणजे ऐनाच्या झाडाचं, पान काल पूर्ण झालं आणि सगळ्यात आधी तुम्हालाच लिहावंसं वाटलं. गडचिरोलीतल्या आरमोरीकडच्या आपल्या रानात जिकडे पाहावं तिकडे येन उभा. तरी या पानावर इतके दिवस 'अर्जुन' लिहिलेलं होतं! नोंदवहीच्या कामाचे पैसे घेणाऱ्या जाणकारांनी पाच पंखांच्या फळाचा फोटो मोबाईलवर पाहिला आणि गाडीतूनच नाव सांगून टाकलं. झाडापाशी चला म्हटलं, तर ऊन फार आहे म्हणाले. त्याच उन्हात तुम्ही आमच्यासोबत पायी आलात.

खोडावरून ओळख एखाद्यानं पटवली असती. येनाची साल काळपट, सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. अर्जुनाची गुळगुळीत, फिक्कट, पापुद्रे सुटणारी. पण तुम्ही नाल्याकाठच्या अर्जुनाचं फळ आठवणीनं खिशात घालून आणलं होतं. दोन्ही वाळकी फळं माझ्या तळहातावर ठेवलीत आणि नाव सांगितलंच नाही. "पाह्य पोरी, पंखावरच्या रेघा कुठं जातेत?" एवढं विचारून थांबलात. पान झडलेल्या झाडाखाली सावली ती कसली, पण मला दिसेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. अर्जुनाच्या रेघा वाकून वर चढतात, येनाच्या सरळ पंखाच्या काठाला जातात. माझं मला दिसलं, काका. शिकल्यासवरल्या माणसांनीही माझ्यासाठी कधी इतका धीर धरला नव्हता. आठवलं की अजून गळा दाटून येतो.

मग वाटेत तुम्ही किती सांगितलंत! घराला आणि बैलबंडीला येनाचं लाकूड, सालीची राख चुन्याच्या जागी खायच्या पानाला. आणि कोसा, म्हणजे टसर रेशीम. तुमच्या ढिवर समाजातली घरं पिढ्यानपिढ्या येन-अर्जुनावर कोशाच्या अळ्या वाढवतात, पाखरं-मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. ज्याच्या पानावर घर चालतं ते झाड तुम्ही नाही ओळखणार तर कोण? तरी नोंदवही लिहिणारं कुणी तुमच्या दारी आलं नव्हतं, याचा मला फार राग येतो. तुम्ही मात्र त्याबद्दल शब्दानं बोलला नाहीत.

माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आता तुमचं नाव आहे. ग्रामसभेत वाचन होईल तेव्हा काकूंनाही घेऊन या. कोशाचं पान अजून अर्धंच आहे, ते त्यांना विचारून लिहायचं आहे.

तुमची,
पोरी