'मग इतकी वर्षं आत होते ते कोण?'

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यावर आपल्याकडे आलेली वाचकांची पत्रे वाचली. बहुतेकांचा सूर एकच: 'मग बॉम्ब ठेवले कोणी?' प्रश्न रास्त आहे, पण तो न्यायालयाला विचारून काय उपयोग?

मी बोरिवली–चर्चगेट प्रवास करून निवृत्त झालेला बँक कर्मचारी. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याला त्या उन्हाळ्यात बढती मिळाली आणि त्याने हौसेने फर्स्ट क्लासचा पास काढला. त्या संध्याकाळी माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत सात डबे फुटले, सगळे फर्स्ट क्लासचे. १८० च्या वर माणसे गेली, त्यात तोही. निकालाच्या दिवशी त्याच्या पत्नीचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे नव्हते, तर मग इतकी वर्षं आत होते ते कोण?"

'तांत्रिक मुद्द्यावर सुटले' असे एका पत्रलेखकाने लिहिले आहे. तांत्रिक म्हणजे नेमके काय? आरोपींना स्टेशनवर सोडल्याचे सांगणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी त्यांना ओळखले ते शंभरहून अधिक दिवसांनी. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी इतके जुळणारे की न्यायालयाला ते विश्वासार्ह वाटले नाहीत, आणि ते मारहाण करून घेतल्याचा आरोपींचा दावाही न्यायालयाने उडवून लावला नाही. हे सगळे वगळले तर खटल्यात उरते काय?

पोलिसापुढे दिलेली कबुली आपल्या साध्या कायद्यात पुरावा धरत नाहीत, आणि ते उगाच नाही. हा खटला ज्याखाली चालला, त्या मकोकाने (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्याने) त्याला अपवाद केला: पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली तिथे चालते. याच प्रकरणात त्याची गंमत (गंमतच म्हणायची) अशी झाली, की २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीन या दुसऱ्याच अतिरेकी संघटनेच्या एका आरोपीनेही 'लोकलचे स्फोट आम्ही केले' असा जबाब दिला. पुढे त्याने तो फिरवला. म्हणजे गुन्हा एक, कबुल्या दोन टोळ्यांच्या. आणि पहिली टोळी तोवर तुरुंगात दोन वर्षे काढून बसलेली.

२०१५ मध्ये या बारा जणांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. फाशी कायम करायची की नाही, यावर उच्च न्यायालयाचा निर्णय यायला आणखी दहा वर्षे लागली. तोवर एक जण २०२१ मध्ये नागपूर कारागृहात कोविडने गेलाही. निर्दोष सुटल्याचे त्याला कोण सांगणार?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र वेगळेच चालले होते. मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलैला सुटले, तेव्हा दहा दिवसांपूर्वी न्यायालयाला शिव्या घालणारे पेढ्यांची चित्रे टाकत होते. २१ तारखेला 'सत्यमेव जयते' लिहिणारे आता 'न्यायव्यवस्था विकली गेली' म्हणत होते. मालेगावात त्या दिवशी सहा माणसे मेली होती, त्यांचा विषय कुणीच काढला नाही. त्याच मालेगावच्या २००६ च्या स्फोटात आधी पकडलेले नऊ जण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले, तोवर त्यांतला एक हयात नव्हता.

नि:पक्ष खटला म्हणजे अतिरेक्यांचे लाड, असे ज्यांना वाटते त्यांनी कसाबचा खटला आठवावा. त्याचे वकीलपत्र घेऊ नका असे ठराव झाले होते, तरी त्याला वकील दिला गेला. आर्थर रोडच्या विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचे म्हणणे ऐकले गेले, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीय तिन्ही न्यायालयांत सुटले. कसाबची शिक्षा कच्ची होती असे आज कुणी म्हणते का?

माझी मागणी फार मोठी नाही. चौकशीच्या खोल्यांत कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले आहे. महाराष्ट्रात ते कुठे बसले, कुठे चालू आहेत आणि चित्रण किती दिवस ठेवले जाते, हे गृह खात्याने जाहीर करावे. एकोणीस वर्षे आत काढून बाहेर आलेल्यांना भरपाई द्यायची की नाही, तेही सांगावे.

राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला तिथे स्थगिती मिळाली ती एवढीच, की हा निकाल मकोकाच्या इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना परत आत जावे लागणार नाही. अपील चालेल तेव्हा चालेल. पण डबे फोडणाऱ्यांचा शोध पुन्हा घेणार का, याबद्दल सरकार अवाक्षर काढत नाही. वहिनींना मी त्या दिवशी 'बघू, काय होतं ते' एवढेच म्हणू शकलो.

आपला,
एक जुना वाचक, बोरिवली (पूर्व)